आवळण्याचे माप

श्रोतेहो, बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. निदान घरातल्या वडीलधाऱ्यांकडून तरी ऐकली असेल. धाव चाकाच्या घेरापेक्षा थोडी लहान करतात. गोवऱ्यांच्या आगीत ती लाल होईपर्यंत तापवतात. तापली की ती फुगते. मग तिघे-चौघे मिळून ती चाकावर बसवतात आणि लागलीच वरून पाणी ओततात. निवताना धाव आखडते, आणि घेराचे लाकडी तुकडे, आरे, तुंबा हे सारे एकमेकांत करकचून बसते. खिळा नाही, डिंक नाही. नुसत्या लोखंडाच्या ओढीने चाक एकजीव होते.

आता विचार करा. धाव चाकापेक्षा लहान करायची, पण किती लहान? फारच थोडी केली तर उन्हाळ्यात लाकूड सुकले की ती निसटते. फाजील लहान केली तर आरे वाकतात, चाक बिघडते. आपले सुतार-लोहार हे माप डोळ्याने आणि हाताने ओळखत. मोटारीतल्या प्रत्येक नट-बोल्टापुढे नेमका हाच प्रश्न आहे: आवळायचे खरे, पण किती? त्या प्रश्नाचे उत्तर शोधायला माणसाला दोन-अडीचशे वर्षे लागली. त्याचीच गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे.

मी इतिहास शिकवणारा माणूस. माझा पान्यांशी काय संबंध, असे तुम्ही विचाराल. संबंध आला तो वडिलांच्या जुन्या पद्मिनी गाडीमुळे. बरीच वर्षे ती शेडमध्ये धूळ खात उभी होती. एका उन्हाळ्याच्या सुटीत ती सोडवून पुन्हा जोडायची, असे मी मनावर घेतले. तालुक्याच्या गावचे एक म्हातारे मिस्त्री मदतीला येत. पुढच्या चाकांच्या भुजा बसवून झाल्या. गाडी अजून घोड्यांवर होती आणि चाके हवेत लोंबत होती. मी पाना घेऊन एकेक बोल्ट अंगातला जोर लावून आवळू लागलो. मिस्त्री म्हणाले, "सर, गाडी पायावर उभी राहू द्या. मग शेवटचा पाना मारा."

मला वाटले, हा जुन्या माणसांचा एखादा संकेत असेल. मी मनात हसलो आणि सगळे बोल्ट तसेच आवळून टाकले. त्यातल्या एकाचा तर आटाच गेला. त्या चुकीचे पुढे काय झाले ते सांगतोच. पण त्याआधी थोडा इतिहास ऐका.

बोल्ट आवळला म्हणजे काय होते? आपल्याला वाटते, तो घट्ट बसतो एवढेच. खरे पाहता, नट फिरवताना बोल्ट किंचित ताणला जातो. डोळ्याला न दिसेल इतका, पण ताणला जातो खरा. ताणलेले लोखंड परत आखडू पाहते, आणि त्या ओढीने दोन भाग एकमेकांवर दाबून धरले जातात. म्हणजे बोल्ट ही एक अतिशय ताठ स्प्रिंगच. धावेचे तत्त्व तेच बोल्टाचे. ताण आणि लांबी यांचे प्रमाण इंग्लंडच्या रॉबर्ट हुक या शास्त्रज्ञाने १६७८ साली प्रसिद्ध केले. जितका ताण, तितके लांबणे. आणि ताण काढला की वस्तू मूळच्या लांबीवर येते. मात्र याला मर्यादा आहे. ती ओलांडली की लोखंड लांबते ते कायमचेच. मग त्याची ओढ भरवशाची राहत नाही.

यातून एक ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट निघते. फार आवळला तर बोल्ट मोडतो, हे सर्वांना ठाऊक असते. पण सैल राहिलेला बोल्टही मोडतो, आणि तो अधिक फसवा. भाग नीट दाबून धरलेले नसले म्हणजे रस्त्याचा प्रत्येक दणका थेट बोल्टावर येतो. तो हजारो वेळा इकडे-तिकडे वाकतो, थकतो आणि एके दिवशी तुटतो. तार हाताने वाकवून-वाकवून आपण तोडतो ना, तसाच. म्हणून योग्य ताण हीच बोल्टाची खरी ताकद.

आता आट्यांकडे वळू. दोनशे-सव्वादोनशे वर्षांपूर्वी नट-बोल्ट होते, पण त्यांची जात एक नव्हती. जो-तो कारखाना आपल्या मनाप्रमाणे आटे पाडी. एका बोल्टाचा नट दुसऱ्याला बसेल याची खात्री नसे. यंत्र सोडवताना कोणता नट कोणत्या बोल्टाचा, याच्या खुणा करून ठेवाव्या लागत. लंडनच्या हेन्री मॉडस्ले या कारागिराने १८०० च्या सुमारास आटे अचूक पाडणारे लेथ यंत्र सिद्ध केले. एकाच मापाचे आटे पुन्हा पुन्हा पाडता येऊ लागले.

मॉडस्लेच्या कारखान्यात तयार झालेला जोसेफ व्हिटवर्थ हा त्याच्याही पुढे गेला. त्याने इंग्लंडमधल्या निरनिराळ्या कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, त्यांची मापे घेतली आणि त्यांचा मध्य काढला. १८४१ साली तेथील स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे त्याने आपली योजना मांडली. आट्याचा कोन सर्वत्र ५५ अंशांचा असावा, आणि अमुक जाडीच्या बोल्टाला एका इंचात अमुक इतके आटे असावेत. आगगाडीचा तो जमाना. हळूहळू साऱ्या ब्रिटनने ते माप उचलले, आणि इंग्रजी यंत्रांबरोबर ते आपल्याकडेही आले.

पण जग एका माणसाचे ऐकत नाही. १८६४ साली फिलाडेल्फियात विल्यम सेलर्स म्हणाला, ५५ अंशांचा कोन मापायला आणि पाडायला अवघड. साध्या कारागिराला ६० अंश सोपे. अमेरिकेने ६० अंश धरले. युरोपात मिलिमीटरचे माप. १८९८ साली झुरिकला परिषद भरली आणि तिथे मेट्रिक आट्यांची पद्धत ठरली. झाले, जगात तीन घराणी!

हा भेद कधी कधी किती महागात पडतो, ते बाल्टिमोर शहराने पाहिले. १९०४ च्या फेब्रुवारीत तिथे मोठी आग लागली. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्क इथून बंब धावून आले. पाणी होते, माणसे होती. पण पाहुण्या बंबांच्या नळ्यांचे आटे बाल्टिमोरच्या नळांना बसेनात. दीड हजारांवर इमारती जळाल्या. त्या आगीला इतरही कारणे होती, तरी आटे जुळले असते तर ती आवरायला हात लागला असता, हे कोणीही सांगेल.

दुसऱ्या महायुद्धात हीच अडचण मोठ्या प्रमाणावर आली. १९४० साली डेट्रॉइटच्या पॅकार्ड कारखान्याने ब्रिटनचे मर्लिन हे विमानाचे इंजिन बनवण्याचे काम घेतले. त्या इंजिनाचे आटे इंग्रजी. ते पाडायची हत्यारे अमेरिकेत मिळेनात. कारखान्याला आधी हत्यारे बनवावी लागली, मग इंजिने. युद्ध संपल्यावर, १८ नोव्हेंबर १९४८ रोजी, अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी वॉशिंग्टनला एक करार करून ६० अंशांचा एकच इंची आटा मान्य केला. १९४७ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची पहिल्या क्रमांकाची समिती कोणत्या विषयाची आहे, ठाऊक आहे? आट्यांची!

आपल्या देशात या तिन्ही घराण्यांचा मेळा भरला. महिंद्रांची जीप १९४७ पासून मुंबईत जोडली जाऊ लागली; तिचे कूळ अमेरिकन. अॅम्बॅसेडर ही इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डची मुलगी. ती बंगालात उत्तरपाड्याला २०१४ पर्यंत तयार होत होती. आणि आमची पद्मिनी मूळची इटलीची. फियाट ११०० चा जो नमुना १९५३ साली युरोपात निघाला, तो पुढच्याच वर्षापासून कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्समध्ये जोडला जाऊ लागला. ही कंपनी सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेली. फियाटचे आटे अर्थातच मेट्रिक.

मॉरिसच्या जुन्या गाड्यांची तर एक गंमतच आहे. पहिल्या महायुद्धानंतर मॉरिसची इंजिने कॉव्हेंट्रीच्या ज्या कारखान्यात होत, तो हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा. यंत्रे फ्रेंच, म्हणून आटे मिलिमीटरचे. पण इंग्रज मिस्त्र्याच्या पेटीतले पाने इंग्रजी, म्हणून बोल्टांची डोकी व्हिटवर्थच्या मापाची! १९२३ साली मॉरिसने तो कारखाना विकत घेतला, तरी ही पद्धत पुढे बरीच वर्षे चालली. जुनी गाडी जोडताना डोके पाहून आट्याची जात ठरवू नये, ती यासाठी. पान्यांचेही तसेच. व्हिटवर्थच्या पान्यावर आकडा असतो तो बोल्टाच्या जाडीचा. अमेरिकन पान्यावर असतो तो नटाच्या दोन समोरासमोरच्या बाजूंमधल्या अंतराचा. दोन्हींवर 'अर्धा इंच' लिहिलेले असले तरी पाने वेगळे. जवळपास बसणारा पाना लावला की नटाचे कोपरे गोल होतात. आणि परक्या जातीचा नट बळेच चढवला, तर तो दोन-तीन वेढे जातो, हाताला घट्ट लागतो आणि ऐन वेळी सुटतो. हाताला लागलेला घट्टपणा आणि बोल्टातला खरा ताण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे दिसून येते.

मग खरा ताण मापायचा कसा? बोल्ट किती लांबला ते सहसा मोजता येत नाही. म्हणून लोकांनी पिळाचे बळ मापायचे ठरवले. जात्याचा खुंटा मध्यापासून दूर असतो म्हणून जाते हलके फिरते, हे घरोघरी ठाऊक आहे. तेच इथे. पान्याचा दांडा एक मीटर लांब असेल आणि त्याच्या टोकाला दहा किलोचा भार दिला, तर पीळ दहा किलोग्रॅम-मीटर झाला. दांडा अर्ध्या मीटरचा असेल तर तेवढ्याच पिळाला वीस किलो लागतील.

हा पीळ दाखवणाऱ्या पान्याला टॉर्क पाना म्हणतात. त्याच्या शोधाचे श्रेय सहसा न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा खात्यातल्या कॉनराड बार याला देतात. १९१८ च्या सुमाराची गोष्ट. जमिनीखालच्या नळांचे बोल्ट कामगार फाजील आवळीत आणि ते मोडत. त्यावर उपाय म्हणून हा पाना निघाला. १९३० नंतरच्या दशकात तो अमेरिकेतल्या मोटारधंद्यात शिरला. पुढे गाड्यांच्या दुरुस्तीच्या पुस्तकांत कोणता बोल्ट किती पिळाने आवळावा, याचे तक्तेच छापून येऊ लागले.

तथापि या पान्यालाही डोळे झाकून मानू नये. आपण लावलेल्या पिळातला सुमारे नऊ-दशांश भाग घर्षणात जातो: थोडा नटाखाली, थोडा आट्यांत. बोल्ट ताणायला उरतो तो साधारण एक-दशांश. म्हणून पुस्तकातला आकडा कोरड्या आट्यांचा असेल आणि तुम्ही आट्यांना तेल लावले, तर तेवढ्याच पिळात बोल्ट कितीतरी अधिक ताणला जाईल. उलट आटे गंजलेले असतील तर पाना 'झाले' म्हणेल आणि बोल्ट सैलच राहील. म्हणून आटे तारेच्या ब्रशने स्वच्छ करावेत आणि तेल लावायचे की नाही, ते पुस्तकात पाहावे. परिमाणही पाहावे. जुन्या इंग्रजी पुस्तकांत फूट-पौंड, इटालियन पुस्तकांत किलोग्रॅम-मीटर आणि आजच्या पान्यांवर न्यूटन-मीटर. दहा किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे ७२ फूट-पौंड आणि सुमारे ९८ न्यूटन-मीटर. एकाचा आकडा दुसऱ्याचा समजला तर केलेली मेहनत पाण्यात.

आता माझ्या चुकीकडे येतो. जुन्या काळी पाट्यांच्या कमानींना लोखंडी खिळी असत आणि त्यांना वरचेवर ग्रीस द्यावे लागे. विसाव्या शतकात त्यांच्या जागी रबरी बुश आले. बाहेर एक नळी, आत एक नळी, मधे घट्ट बसवलेले रबर. बोल्ट आवळला की आतली नळी गाडीच्या सांगाड्याशी जखडली जाते. चाक वरखाली झाले की बाहेरची नळी थोडी फिरते आणि मधले रबर पिळले जाते. तिथे काही घसरत नाही, म्हणून ग्रीसही लागत नाही.

शिक्षकांनी हे वर्गात करून दाखवावे. सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा घ्या. दोन्ही टोके दोन हातांत धरा. सरळ स्थितीतून पाव वेढा इकडे आणि पाव वेढा तिकडे पिळा. रबराला फारसे जड जात नाही. आता तो तुकडा आधीच पाव वेढा पिळून धरा आणि तिथून पुन्हा तेवढेच हेलकावे द्या. एका बाजूला पीळ अर्ध्या वेढ्याचा होतो, आणि रबर पूर्ण मोकळे होते ते फक्त दुसऱ्या टोकाला.

मी नेमके हेच केले होते. चाके लोंबत असताना बोल्ट आवळले, म्हणजे रबराची सरळ स्थिती मी त्या लोंबत्या जागी ठरवून टाकली. गाडी खाली उतरवताच सगळी रबरे पिळली गेली, आणि उभ्या गाडीतही तशीच पिळलेली राहिली. गाडीचे नाक थोडे उंच राहू लागले. खड्ड्यातून जाताना कुरकुर ऐकू येई. वर्ष पुरे व्हायच्या आत चाकाची दिशा ठरेना आणि टायर एका कडेने झिजले. मिस्त्री आले. त्यांनी जुना बुश काढून करवतीने कापला आणि माझ्या हातावर ठेवला. रबर आतल्या नळीपासून अर्धे फाटून सुटले होते. ते काही बोलले नाहीत. त्यांनी ते दुरुस्तीचे पुस्तक कधी उघडले नव्हते. मी उघडले होते, पण आकडे तेवढे पाहिले होते. 'गाडी उभ्या स्थितीत असताना' ही आकड्यांखालची ओळ मी वाचलीच नव्हती. ते घाटात घडले असते तर, हा विचार आजही मनातून जात नाही. त्या गाडीत माझी मुले बसत होती.

म्हणून, श्रोतेहो, जुनी गाडी जोडणाऱ्यांनी चार गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, रबरी बुश असलेला प्रत्येक बोल्ट आधी नुसता बेताचा बसवावा, गाडी चाकांवर उभी करावी, दोन-चारदा दाबून हलवून घ्यावी आणि मग पुस्तकातल्या मापाने शेवटचा पाना मारावा. त्यासाठी गाडीखाली जायचे तर खड्ड्यात किंवा पक्क्या उतरणीवर गाडी घ्यावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. दुसरी, खाचांच्या नटात स्प्लिट पिन घालताना भोक जुळले नाही, तर नट पुढच्या खाचेपर्यंत आवळावा. सोडून मागे आणू नये. तिसरी, पुढच्या चाकाच्या बेअरिंगचा नट मात्र याला अपवाद. तो आवळून नंतर पुस्तकात दिल्याप्रमाणे थोडा सोडायचा असतो, कारण तिथे चाक मोकळे फिरायला हवे. चौथी, थोडे अंतर गाडी चालवल्यावर सगळे बोल्ट पुन्हा तपासावेत, आणि गंजलेला, ताणलेला किंवा आटा गेलेला बोल्ट पैशाकडे न पाहता टाकून द्यावा.

पद्मिनीचे उत्पादन २००० सालाच्या सुमारास थांबले. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. आता या गाड्या हौशी लोकांच्या हाती उरल्या आहेत, आणि त्या गाड्या ओळखणारे मिस्त्री थकत चालले आहेत. पुस्तकातले आकडे छापलेले आहेत, ते राहतील. पण 'गाडी पायावर उभी राहू द्या' असे सांगणारा माणूस असतो तोवर त्याचे ऐकून घ्यावे, आणि त्याने ते का सांगितले हे विचारून घेऊन मुलांना शिकवावे. तुमच्या गावात धाव चढवणारा एखादा म्हातारा लोहार अजून असेल, तर शिक्षकांनी त्याला एकदा शाळेत बोलवावे. धाव किती लहान करायची ते तो कसे ओळखतो, एवढेच विचारावे.

अति तेथे माती, असे आपण म्हणतो. आवळण्याच्या कामात ते खरेच आहे. पण कमी तिथेही मातीच, आणि अवेळी तिथेही मातीच. आमच्या पद्मिनीला मिस्त्र्यांनी नवे बुश घातले, तेव्हा शेवटचा पाना त्यांनी माझ्या हाती दिला. गाडी जमिनीवर उभी होती.